साठ ठोक्यांचे मास्तर

परशराम मास्तर गेल्याची बातमी मला आधी धड ऐकूच आली नाही. सकाळचे अकरा वाजून गेले होते. वडगावातल्या आमच्या शेडमध्ये सहाही माग चालू होते, मी तिसऱ्या मागावर तुटलेला धागा सांधत होते आणि कमरेला खोचलेला फोन थरथरला. पडद्यावर मास्तरांचं नाव. ‘‘थांबा मास्तर, भाईर येतो!’’ मी ओरडले. आमच्या भागात बायकाही येतो-जातोच म्हणतात. पण कानाला लागलेला आवाज मास्तरांचा नव्हता, बाईचा होता, आणि मागांच्या खडखडाटातून त्यातला एकही शब्द कळत नव्हता... कळत होता तो फक्त सूर. दारापर्यंत पोचले तोवर फोन बंद झाला होता. पुन्हा लावायचा धीर होईना. उंबऱ्यावर उभी राहून मी समोर दोरीवर वाळत घातलेल्या सुताच्या लडींकडं बघत राहिले. लाल, मोरपंखी, आमसुली. मग फोन लावला. उद्यमबागेतल्या कारखान्याच्या स्टोअरमध्ये मास्तर फळीवरचा खोका काढायला उठले आणि छातीला हात लावून खाली बसले, ते पुन्हा उठले नाहीत. वय अवघं बावन्न. मास्तरांच्या फोनवरून बोलत होती ती त्यांची बायको, सुमन.

त्याला आता दोन महिने होत आले. अजूनही सकाळी साडेसहाला माळ्याच्या जिन्यावर मास्तरांची पावलं वाजतील असं वाटतं, आणि मग लक्षात येतं की आमच्या शेडमध्ये जिन्यावरची पावलं कधी ऐकूच येत नव्हती. ती मी बघत होते. धुळकट उन्हाच्या पट्ट्यातून आधी त्यांचं डोकं वर जायचं, मग हातातला डस्टर, मग धोतरासारखी ढगळ पँट, शेवटी चपला. सतरा वर्षं रोज सकाळी मास्तर माझ्या डोळ्यांसमोरून असे डोक्याकडून नाहीसे होत गेले. आता आठवायला बसलं की मला त्यांचा चेहरा सगळ्यात शेवटी आठवतो.

मास्तर मूळचे हिंडलग्याचे, शेतकरी घरातले. उद्यमबागेत स्टोअरकीपर होते आणि ड्युटीला जाण्याआधी दीड तास बँकेच्या नि सरकारी नोकरीच्या परीक्षांना बसणाऱ्या पोरांना शिकवायचे. शिकवायचे काय, तर इंग्रजीतली वाक्यदुरुस्ती. बस्स, तेवढंच. गणित दुसऱ्याकडं शिका, सामान्य ज्ञान पेपर वाचून करा, पण चुकलेलं वाक्य घेऊन माझ्याकडं या, असं त्यांचं होतं. जागा शोधत वडगावात आले तेव्हा माझे मालक जाऊन वर्ष झालं होतं, माग मी एकटीच चालवत होते आणि माळा रिकामा पडला होता. मी म्हटलं, ‘‘मास्तर, खाली सहा माग हाईत. तुमचं तुमास्नी तरी ऐकू येईल काय?’’ मास्तर मान वाकडी करून जरा वेळ मागांचा आवाज ऐकत राहिले, पाहुण्याकडं गाणं ऐकावं तसे, आणि म्हणाले, ‘‘बघू या की आक्का.’’

पहिले पंधरा दिवस त्यांनी घसा फोडून शिकवलं आणि घसा बसला. मला राहवेना. मागावरची माणसं काय एकमेकांशी ओरडून बोलतात? ओठ बघायचे आणि हात बघायचे. सुताची कांडी संपली, धागा तुटला, चहा आला, सासू आली, सगळ्याला आमच्याकडं खुणा आहेत. त्या मी मास्तरांना शिकवल्या आणि त्यांनी त्या वाक्यांना लावल्या. तुटका धागा झटकावा तसा हात झटकला की ‘सोड, पुढं जा’. दोन बोटं जुळवली की ‘जोडी बघ, जमते काय’. माळ्याची जमीन फळ्यांची, फळ्यांत बोटबोटभर फटी. खालून वर बघितलं की पोरांच्या सावल्या आणि मास्तरांचे हलणारे हात दिसायचे, आणि खडूची पांढरी पूड फटींतून हळूहळू खाली उतरायची. मला नावं ठेवायची सवय, मी ओरडायची, ‘‘मास्तर, काळ्या साडीवर खडू पडतोय!’’ मास्तर वरून ओंजळ दाखवायचे, म्हणजे झेलून घ्या.

वाक्यदुरुस्ती म्हणजे काय हे मला तरी कुठं ठाऊक होतं? मी सातवी शिकलेली. एकदा चहा पिताना त्यांनीच समजावलं. परीक्षेत एक वाक्य देतात, खाली चार-पाच पर्याय, त्यातला बरोबर कुठला ते ओळखायचं. वेळ इतका थोडा, की सगळं नीट वाचत बसला तो बुडाला. म्हणून आधी वाक्य वाचायचंच नाही, पर्याय बघायचे. पर्याय जिथं एकमेकांपासून वेगळे होतात तिथंच गोम असणार. मग वाक्याचा धनी, म्हणजे कर्ता, शोधायचा, त्याचं काम करणारा गडी, म्हणजे क्रियापद, शोधायचा आणि मधला सगळा पसारा अंगठ्यानं झाकून टाकायचा. ‘रंगीत साड्यांनी भरलेली जुनी पेटी’ असं काही आलं, की मास्तरांचा अंगठा साड्यांवर. ‘‘पेटी एकच हाय का न्हाय? मग साड्या कितीबी असू द्यात, गडी एकाचा.’’ दोन पर्याय सारखेच बरोबर वाटले तर आखूड असेल तो उचलायचा. आणि हे सगळं साठ ठोक्यांत. मागाचे साठ ठोके म्हणजे अर्ध्या मिनिटाहून थोडं जास्त. घड्याळाकडं बघण्यात वेळ जातो, ठोका मात्र फळीतून आपोआप तळपायात येतो. साठ झाले आणि उत्तर मिळालं नाही, की हात झटकायचा आणि पुढं.

गंमत अशी, की एवढी घाई शिकवणारा हा माणूस स्वतः अगदी संथ. या परीक्षेत ते स्वतः तीनदा अडकले होते आणि मग वय निघून गेलं. एकदा तर तीनच वाक्यांवर बारा मिनिटं घालवली होती म्हणे. मी विचारलं, ‘‘एवढं काय अवघड हुतं त्यात?’’ तर म्हणाले, ‘‘अवघड न्हवतं वो आक्का. वाक्य लई चांगलं हुतं, सोडू वाटंना.’’ त्या वाक्यातला कुणी एक माणूस गाडी चुकून स्टेशनावर उभा होता, आणि मास्तर परीक्षेच्या खोलीत बसून विचार करत राहिले होते की आता हा रात्र कुठं काढणार. अशी माणसं त्यांच्याकडं पुष्कळ होती. पत्र टाकायला विसरलेली बहीण, छत्री घेऊनही भिजलेला कारकून, दरवर्षी त्याच डोंगरावर चढणारे दोघे म्हातारे. चुकलेल्या वाक्यांतली माणसं. चहाच्या कपावर मास्तर त्यांची खुशाली सांगावी तसं बोलायचे, आणि मलाही हळूहळू त्या लोकांची ओळख झाली होती. भिजलेल्या कारकुनाची मी अधूनमधून चौकशी करायची. मास्तर गंभीरपणे सांगायचे, ‘‘सर्दी हाय अजून.’’

दोन-तीन वर्षांनी शहापुरात माझ्या भावाची मागच्या अंगणाकडची खोली रिकामी झाली. शांत, हवेशीर. मी मास्तरांना म्हटलं, तिकडं चला, इथं किती दिवस हाल काढणार? मला वाटलं, खूश होतील. ते चक्क घाबरले. ‘‘नको आक्का. ह्या आवाजानंच पोरं पास व्हायलीत.’’ मला चेष्टा वाटली. पण ते मनापासून बोलत होते. ‘‘आमच्या पोरांचा कान तीन ठिकाणी वाढलाय बघा. घरात मराठी, बाजारात कानडी, शाळेत इंग्लिश. कानाला ब्येस लागतंय म्हणून खूण केली की हमखास चुकतंय. दुसरीकडची मास्तरं सांगत्यात, मनातल्या मनात वाचून बघा, खटकलं ते चूक. आमाला खटकतच न्हाय काय! तुमच्या मागांनी कानच बंद करून टाकलाय. आता पोरं डोळ्यानं बघत्यात.’’ त्यानंतर मी जागा बदलायचा विषय काढला नाही. त्यांची पोरं निपाणीला, गोकाकला, कुठं कुठं काउंटरमागं बसली. पेढे द्यायला आली की आधी मागांच्या पाया पडायची आणि मग मास्तरांच्या. मला त्याचा भारी गर्व वाटायचा, खोटं कशाला सांगू?

आणि माझीच लेक पास होत नव्हती. रोहिणी वर्गात सगळ्यात हुशार. माळ्यावर तीस वाक्यांतली अठ्ठावीस बरोबर, आणि परीक्षेत मात्र दरवेळी इंग्रजीतच थोडक्यात जायची. एकदा, दोनदा, चारदा. अठ्ठाविसावं सरत आलं होतं. वयाच्या अटीमुळं येणारी परीक्षा शेवटची, त्यानंतर अर्जच भरता येणार नव्हता. बाकी मुली नोकरीला लागल्या आणि ही दिवसभर कांड्या भरत माझ्या शेजारी उभी. मी तीस वर्षं या आवाजात काढली, माझा एक कान गेल्यात जमा आहे. तिनं इथं राहू नये एवढीच माझी इच्छा होती, आणि ती मी कुणाला बोलून दाखवत नव्हते, कारण तिला ती न बोलताही कळत होती.

त्या हिवाळ्यात मी एक घोटाळा केला. मास्तरांनी एका रविवारी सगळ्या पोरांची सराव परीक्षा ठेवली होती, अगदी खऱ्यासारखी. माझ्या मनात आलं, आज तरी पोरांना शांतता मिळू दे. कुणाला न विचारता मी बटण खाली ओढलं. सहाही माग थांबले. मोठं पुण्य केल्यासारखी मी पदर खोचून बसले. तासाभरानं मास्तर जिन्यावरून आले ते उतरलेल्या चेहऱ्यानं. ‘‘माग का बंद केलाव?’’ मी म्हटलं, ‘‘पोरांस्नी बरं वाटंल म्हणून की.’’ तर वर सगळाच बोजवारा. मागवाल्यांची पोरं तर पार बिथरली होती, आणि रोहिणी तिसाव्या वाक्यापर्यंत पोचलीच नव्हती. मी त्यांना सहज सांगितलं, ही पाळण्यात असतानाही असंच, वीज जाऊन माग थांबले की दचकून उठायची आणि रडायची, माग सुरू झाले की झोपायची. मास्तर सुताच्या पोत्यावर मटकन बसले. ‘‘चूक माझी हाय आक्का. सतरा वर्षं मी पोरांस्नी आवाजात शिकवलो, आणि परीक्षा गप्प खोलीत असती.’’ बोटावर ते एकेक नाव घेत गेले. बाहेरून येणारी पोरं पास होत होती. अडकून राहिलेली सगळीच्या सगळी मागाच्या घरातली. दुसऱ्याची चूक साठ ठोक्यांत धरणाऱ्या माणसाला आपली दिसायला सतरा वर्षं लागली, हे त्यांच्या मनाला फार लागलं.

पण हात झटकून पुढं जाणं त्यांनीच शिकवलेलं. पुढच्या रविवारपासून त्यांनी मागाच्या घरातली सहा पोरं हिंडलग्याला आपल्या शेतात न्यायला सुरुवात केली, शांतता शिकवायला. मी डबा घेऊन सोबत जायची. ते रविवार आठवले की आजही मला ते खरे वाटत नाहीत. भात कापून झालेलं, त्याच ओलीवर पेरलेली मसूर वीतभर आलेली, आणि सगळीकडं धुकं. मास्तर पोरांना बांधावर लांब लांब बसवायचे, प्रत्येकाच्या मांडीवर पाट आणि पाटावर कागद. दहा पावलांवरचं पोर धुक्यात अर्धंच दिसायचं. कुठंतरी एखादी टिटवी, मग तेही नाही. मी चुलीवर रताळी उकडत बसायची आणि मलाही कसंतरी व्हायचं, दोन्ही कानांत कापूस कोंबल्यासारखं. पहिल्याच रविवारी रोहिणी पाट बाजूला ठेवून उठून आली. ‘‘मास्तर, मला माझाच आवाज ऐकू याला लागलाय. वाक्य वाचाय लागलं की आतून कोणतरी मोठ्यानं वाचतंय.’’ मास्तर म्हणाले, ‘‘येऊ दे की. पाव्हणा समजायचा. चहा द्यायचा, आणि आपलं काम करायचं.’’ तिला हसू आलं. ती परत जाऊन बसली. तिसऱ्या का चौथ्या रविवारी मी बघितलं, तिच्या उजव्या पायाचा अंगठा चपलेतून बाहेर येऊन मातीवर हळूहळू ठोके देत होता. मास्तरांनीही ते पाहिलं. मला ओठांवर बोट ठेवून दाखवलं आणि तसेच उलट्या पावलांनी धुक्यात मागं मागं गेले.

गेले त्या बुधवारीही ते सकाळी वर्गाला आले होते. परीक्षा दीड आठवड्यावर आली होती. आठ वाजता जिना उतरले, माझ्याकडून अर्धा कप चहा घेतला. खुणेनंच म्हणाले, ‘‘होणार.’’ कोण, काय, ते विचारायची गरज नव्हती. मी खुणेनं विचारलं, ‘‘नक्की?’’ मास्तरांनी जरा विचार केल्यासारखा केला आणि माळ्याकडं बोट दाखवलं, म्हणजे ‘तिलाच विचारा’. मग मोटरसायकलला किक मारून गेले. मागं वळून बघितलं वगैरे काही नाही. मीही लगेच कांडी बदलायला वळले. त्यांना म्हणावं असं माझ्याकडं पुष्कळ होतं. तुमच्यामुळं माझं घर शाळा झालं, मालक गेल्यावर या शेडमध्ये मला एकटं वाटायचं ते थांबलं... सतरा वर्षांत हे एकदाही म्हटलं नाही. ते दोन हातांनी सांगायची खूण आमच्याकडं नाही, आणि मागांच्या आवाजात ओरडून सांगण्यासारखं ते नव्हतं.

रोहिणी रडली नाही. बातमी कळल्यावर ती माळ्यावर गेली आणि फळा पुसू नका एवढंच बोलली. दुसऱ्या दिवसापासून रोज साडेसहाला वर जाऊन एकटीच वाक्यं सोडवायची. जेवण कमी झालं, बोलणं तर बंदच. मला भीती वाटायला लागली. त्यात परीक्षा आली नेमकी बाराव्याच्या दिवशी, रविवारी. आदल्या दिवशी ती म्हणाली, ‘‘मी परीक्षेला जाणार न्हाय. मास्तरांच्या बाराव्याला जायाचं सोडून काँप्युटरसमोर बसू काय?’’ मी चिडले, समजावलं, शेवटी पाया पडायची तेवढी राहिले. मग मी सुमनला फोन लावला आणि फोन पोरीच्या हातात दिला. सुमन पलीकडून काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. नंतर रोहिणीनंच सांगितलं. सुमननं रडत रडत एवढंच विचारलं होतं, ‘‘हॉल तिकीट काढून ठेवलीस न्हवं गं?’’

रविवारी सकाळी मी तिला परीक्षा केंद्रावर सोडलं आणि तशीच हिंडलग्याला गेले. घर माणसांनी भरलेलं. निपाणीहून, खानापूरहून नोकरीला लागलेली पोरं आली होती, कुणी पाणी भरत होतं, कुणी पत्रावळ्या मांडत होतं. मी भाकऱ्या थापायला बसले, पण लक्ष सगळं फाटकाकडं. शेवटची पंगत उठता उठता रोहिणी आली. फोटोला नमस्कार केला, सुमनच्या गळ्यात पडली, आणि मग मागच्या दारी गवताच्या गंजीला टेकून माझ्या शेजारी बसली. निकाल अजून लागायचा आहे. त्याचं काय होईल ते मला खरंच ठाऊक नाही, आणि आज हे लिहिताना त्याची मला पूर्वीसारखी धास्तीही वाटत नाही. त्या दिवशी मात्र तिचे डोळे सुजलेले दिसले. मला वाटलं, संपलं.

‘‘इंग्रजी कसं गेलं?’’ मी भीत भीत विचारलं.

‘‘पाच मिनिटं उरली, आई.’’

मला कळेना. ती सांगत गेली. परीक्षेत प्रत्येक विषयाला वेळ ठरवून दिलेला. तुमचं आधी संपलं तरी पुढचा विषय उघडत नाही, वेळ सरेपर्यंत पडद्यासमोर नुसतं बसून राहायचं. आजवर तिला असं बसायची पाळी कधी आलीच नव्हती.

‘‘सगळी वाक्यं झाली. सोडल्याली परत बघून झाली. करायला कायच न्हवतं... अकरा दिवस दाबून ठेवल्यालं हुतं, आई. म्हटलं, ही पाच मिनिटं मास्तरांनीच दिल्यात. मग रडून घेतलो.’’

‘‘तिथंच? सगळ्यांसमोर?’’

‘‘व्हय. लई मोठ्यानं. सगळी बघाय लागली. देखरेखीवरचे सर धावत आले बिचारे. धाकट्या भैनीला म्हणावं तसं कानडीत विचारले, का रडतीस गं तंगी, पेपर एवढा अवघड आलाय काय?’’

‘‘मग तू काय म्हटलीस?’’

रोहिणीनं ओढणीनं नाक पुसलं.

‘‘न्हाय सर, म्हटलो. लई सोपा आलाय.’’